वर्गात फेरीबोट

आमची बालवाडी गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यात एका बेटावर आहे. वर्ग एकच, मुलं वीसेक, वयं तीन ते पाच. काही वर्षांपूर्वी मी या वर्गातल्या छोट्या खुर्च्यांच्या रांगा काढल्या आणि कोपरे मांडले. पुढे त्या कोपऱ्यांतून एकच विषय तीन-चार आठवडे फिरवायला लागले. गोव्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणातला पायाभूत स्तर, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा टप्पा, लागू झाला, तेव्हापासून आजूबाजूच्या शिक्षिका भेटल्या की हाच प्रश्न विचारतात: कोपरे कळले, पण त्यांत विषय आणायचा म्हणजे नेमकं करायचं काय? तोंडी सांगताना नेहमी अर्धं राहतं, म्हणून लिहिते आहे.

आधी कोपऱ्यांचं. माझ्याकडे सहा आहेत. भातुकलीचं घर, ठोकळे, पुस्तकं, चित्रं आणि कात्रणकाम, पाण्याची मोठी परात, आणि खिडकीखाली निसर्गाचं टेबल. त्यांच्या जागा वर्षभर हलवत नाही. तीन वर्षांच्या मुलाला सकाळी दारातून आत आल्यावर आपला कोपरा जिथे होता तिथेच सापडला पाहिजे. आईचा हात नुकताच सुटलेला असतो, तेव्हा या गोष्टीचा फार आधार असतो. भातुकली आणि ठोकळे मुद्दाम शेजारी ठेवले, कारण खेळ एकीकडून दुसरीकडे वाहत जातो. दोन्हीकडे आवाज होतो, म्हणून पुस्तकं खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. परात मागच्या दाराशी, नळाजवळ. ठोकळ्यांखाली जाड चटई. मधली कपाटं मुलांच्या छातीइतकीच उंच, म्हणजे मी कुठेही बसले तरी सगळी डोकी दिसतात. प्रत्येक टोपलीवर आत काय आहे त्याचं चित्र आणि खाली नाव. आवराआवर मुलं स्वतः करतात ती या चित्रांच्या जोरावर.

निवड मुलाची. प्रत्येकाचा कपड्यांचा एक चिमटा आहे आणि त्यावर त्याची खूण: कुणाचा खेकडा, कुणाचं जास्वंद, कुणाचा बांगडा. कोपऱ्यावर टांगलेल्या पट्टीवर जितक्या जागा, तितकेच चिमटे लागतात. सकाळी गोलात बसून प्रत्येकजण आज कुठे जाणार ते सांगतो, मग पाऊण तास खेळ, मग पुन्हा गोल आणि काय केलं त्याची उजळणी. हा क्रम माझा नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी इथे १९६२ साली डेव्हिड वायकार्ट यांनी गरीब घरांतल्या मुलांसाठी पेरी प्रीस्कूल प्रकल्प सुरू केला, त्यातून पुढे हायस्कोप नावाची पद्धत उभी राहिली. आधी ठरवणं, मग करणं, मग आठवून सांगणं हा तिचा कणा. अगदी लहान मूल सुरुवातीला नुसतं बोट दाखवतं, तेही ठरवणंच आहे. दिवाळीपर्यंत तेच मूल सांगतं की मी ठोकळ्यांत जाणार, काल पडलेला पूल करणार, आणि मला मोठी फळी लागणार. मला स्वतःला सकाळचा तो गोल दिवसभरात सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता विषय. बहुतेक ठिकाणी विषय म्हणजे भिंत सजवणं असतं. विषय ‘वाहनं’ असला की भिंतीवर छापील बस, विमान आणि आगगाडी लागते, मुलं त्यांत रंग भरतात आणि महिना संपतो. ते बघायला छान दिसतं, पालकांना फोटो पाठवता येतात. पण मुलाच्या हाताला त्यातून काही लागत नाही. माझी खात्री अशी झाली आहे की विषय वस्तूंतून यावा लागतो, आणि त्या वस्तू मुलानं घरी, वाटेवर, नदीकाठी आधी पाहिलेल्या असाव्या लागतात. बघितलेलं असतं म्हणूनच त्याच्याकडे त्याविषयी बोलायला काही असतं.

म्हणून विषय मी यादीतून निवडत नाही. मुलं आपणहून काय खेळतात ते आधी आठवडाभर पाहते. जूनमध्ये शाळा उघडली, पाऊस दणकून लागला होता, बाहेर जाणं बंद. वर्गातली दोन-तीन मुलं सगळी खेळण्यातली वाहनं भिंतीशी रांगेत लावत होती आणि जोरात ओरडत होती, “फाटीं, फाटीं!” म्हणजे मागे घे. त्यांनी फेरीबोट मांडली होती. आमच्या बेटावरच्या मुलाला फेरीबोट समजावून सांगावी लागत नाही. दवाखाना, आजीचं घर, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, सगळ्याची वाट फेरीवरून जाते. गाड्या आधी की माणसं आधी, रॅम्प कधी खाली येतो, खलाशी काय खूण करतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. विषय त्यांनीच दिला होता.

पहिल्या दिवशी मी ठोकळ्यांच्या कोपऱ्यात फक्त एक फळी ठेवली. बाकी काही बदललं नाही. सगळं सामान एका सोमवारी मांडून मोकळं व्हायचं, हा मोह शिक्षिकेला फार असतो. पण मुलांनी एक गोष्ट पुरती हाताळली, तिच्यातून त्यांना अडचण आली, की मग दुसरी आणायची. फळीचा रॅम्प झाला. रॅम्प फार उभा लागला तर गाड्या घसरून पाण्यात, म्हणजे चटईबाहेर, जायच्या. तो किती तिरका हवा यावर त्यांची दोन-तीन दिवस खटपट चालली. खाली एक ठोकळा, दोन ठोकळे, पुन्हा एक. मी शेजारी बसून होते. विचारलं एवढंच, “मोठी गाडी आली तर?” मग मोठा ट्रक आणला गेला आणि सगळं नव्यानं सुरू झालं.

ठोकळ्यांच्या कोपऱ्यात चार जागा, म्हणून चारच चिमटे; हा नियम याच खेळात मुरला. एरवी पाचवा मुलगा आला की तक्रार माझ्याकडे यायची. फेरीच्या खेळात एका मुलीनं हात आडवा करून सांगितलं, “फेरी भरली. दुसरे फेरीन यो.” पाचवा मुलगा शांतपणे बाजूला बसला, कारण त्यानं आयुष्यात हे अनेकदा ऐकलं होतं. थोड्या वेळानं तो बसलेला भाग ‘पलतड’ झाला, म्हणजे नदीचा पलीकडचा काठ; तिथे प्रवासी गोळा व्हायला लागले, पिशव्या भरायला भातुकलीतली भांडी आली, आणि भातुकलीचं घर आपोआप पलतडीवरचं आजीचं घर बनलं. नियम मी लावला होता, पण त्याला अर्थ त्यांच्या जगण्यातून मिळाला. कुठल्याही रागवण्यानं हे साधलं नसतं.

परातीत मी वेगवेगळ्या वस्तू ठेवल्या: नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या विरीचे तुकडे, तिसऱ्यांच्या शिंपल्या, बाटल्यांची झाकणं, दगड. पाणी चार बोटं, आणि मदतनीस मावशी सतत तिथेच. इतक्या लहान मुलांसाठी थोडं पाणीही धोक्याचं असतं, त्यामुळे यात सूट नाही. काय तरंगतं, काय बुडतं हे त्यांनी पहिल्या दिवशीच संपवलं. खरी मजा चिंचोके आल्यावर सुरू झाली. करवंटीत एकेक चिंचोका टाकत जायचं, ती बुडेपर्यंत. एक चिंचोका, एक आकडा. तोंडपाठ शंभरपर्यंत म्हणणारं मूलही वस्तू मोजताना आकडे पुढे पळवतं आणि बोट मागे राहतं. इथे बोट आणि आकडा बरोबर चालायला लागले, कारण पुढच्या चिंचोक्यानं करवंटी बुडेल की नाही यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळे चिंचोके एकाच बाजूला गेले तर करवंटी लवकर कलंडते.

ते लक्षात आल्यावर मी आमच्या एका पालकांना बोलावलं. ते नदी परिवहन खात्याच्या फेरीवर खलाशी आहेत. आले ते हातात जाड दोर घेऊनच. मुलांना त्यांनी गाठ मारून दाखवली, ती ओढून बघायला दिली, आणि सांगितलं की दोन्ही बाजूंना वजन सारखं राहील अशाच गाड्या आम्ही लावतो. चार वर्षांची एक मुलगी उठून परातीकडे गेली आणि करवंटी घेऊन आली. “एका कुशीक वजन जालें काय बुडटा,” ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर, म्हणूनच आम्ही ओरडतो.” त्या दिवसानंतर ठोकळ्यांच्या फेरीवर गाड्या दोन रांगांत लागायला लागल्या, मी काही न सांगता.

मुलं कोकणीत बोलतात, मी मराठीत बोलते, आणि खेळात दोन्ही मिसळतात. मी कधीही मध्येच थांबवून शब्द सुधारत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेवर भर आहे. आमच्याकडे ते धोरण यायच्या आधीपासून व्यवहार हाच होता. ‘धक्को’ म्हणणाऱ्या मुलाला मी उत्तरात धक्का म्हणते, बस. वर्गात कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता. घरची भाषा कन्नड, आमच्या दोन्ही भाषा त्याला परक्या. तो बराच काळ गप्प होता. फेरीच्या खेळात तो रॅम्पवाला झाला. त्या कामाला शब्द लागत नाहीत, फळी वेळेवर वर-खाली करायची. पण रॅम्पवाल्याशिवाय फेरी सुटत नाही, म्हणून सगळे त्याच्याशी बोलायचे. “यो” (ये) आणि “राव” (थांब) हे त्याचे वर्गातले पहिले शब्द. नंतर तो तिकीटही द्यायला लागला.

तिकिटांवरून लिहिणं आलं. चित्रांच्या कोपऱ्यात मी कागदाच्या लहान पट्ट्या आणि जाड पेन्सिली ठेवल्या. कुणी रेघोट्या मारल्या, कुणी गोल काढले, एकीनं आपल्या नावातलं एक अक्षर पुन्हा पुन्हा उमटवलं. त्या रेघोट्यांना लिहिणंच म्हणायला हवं. कागदावरची खूण काहीतरी सांगते, ती दुसऱ्याला देता येते, हे मुलाला आधी कळावं लागतं. अक्षराचं वळण त्यानंतर. पुस्तकांच्या कोपऱ्यात घरांतून आलेल्या फेरीवरच्या फोटोंची वही केली, प्रत्येक पानाखाली मुलानं सांगितलेलं एक वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. ती वही सगळ्यात आधी फाटली, इतकी वाचली गेली. निसर्गाच्या टेबलावर खारफुटीची लांबट हिरवी रोपं होती, पावसात काठावर गळून पडतात ती. आमच्या शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे ते याच खारफुटीत. काचेच्या बरणीत चिखल आणि नदीचं पाणी घालून रोपं उभी केली आणि मुळं फुटताना मुलांनी रोज दोऱ्यानं मापली.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: “टीचर, खेळ दिसतो, पण अभ्यास कधी?” या प्रश्नाचा मला राग येत नाही. शेजारच्या घरातलं मूल इंग्रजी शाळेच्या छोट्या वर्गात वही भरून अक्षरं गिरवतं आणि आपलं मूल करवंटीत चिंचोके टाकतं, तर आई-वडिलांच्या पोटात गोळा येणारच. व्याख्यान देऊन तो जात नाही. मी पालकांना कोपऱ्यांच्या वेळेत बोलावते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट पाहायला सांगते. तुमचं मूल किती वेगळे शब्द वापरतं ते ऐका. किंवा, कात्री कशी धरतं ते बघा. एका आईला मी परातीजवळ बसवलं आणि फक्त मोजणं ऐकायला सांगितलं. ती उठताना म्हणाली, घरी दहापर्यंत म्हणतो ते मला मोजणं वाटत होतं. २० ऑक्टोबर २०२२ ला आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळातूनच व्हावं असं सांगतो, हे मी त्यांना जरूर सांगते. पण पटतं ते डोळ्यांनी पाहिलेलंच.

यात नवं काही नाही, हेही सांगायला हवं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी बिया, पानं, शिंपले, माती यांतून साधनं उभी केली. मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तर त्या मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी तिथून आली. आज एखादी शिक्षिका मला म्हणते की कोपऱ्यांसाठी पैसे नाहीत, तेव्हा मला कोसबाड आठवतं. माझ्या वर्गात विकत घेतलेलं सामान म्हणजे ठोकळे, पुस्तकं आणि कात्र्या.

दुसरा मोठा विषय चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा. चवथ आमच्याकडे नुसती आरास नसते, माटोळी असते: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधून तिला फळं, भाज्या, रानातल्या वस्तू टांगतात. वर्गात मी मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर बांबूची चौकट बांधली आणि प्रत्येक घरातून एकच वस्तू मागवली. नारळ, बेड्यांचा (सुपारीचा) घड, आंबाडे, चिबूड, निरफणस, दोडकी, केळी. टांगायच्या आधी सगळं तागडीतून गेलं. चिबूड जड की नारळ, यावर आधी अंदाज, मग वजन. आंबाडा, केळं, आंबाडा, केळं असा क्रम एका मुलानं आपणहून लावला आणि दुसऱ्यानं तो पुढे नेला. दोरीची गाठ मारताना त्या छोट्या बोटांना जी मेहनत पडते ती पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. एका गोष्टीत मात्र मी ठाम आहे: घरच्या माटोळीत रानातली काही फुलं-फळं विषारीही असतात. कळलावीचं फूल दिसायला इतकं सुंदर, पण झाड विषारी. मुलं हातातलं तोंडात घालतात, म्हणून वर्गात फक्त खाण्याच्या वस्तू येतात. रानातल्या वस्तूंचे फोटो लावते.

त्याच सुमारास भाताची पहिली कणसं येतात. ख्रिस्ती घरांत ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं, चर्चमध्ये कणसं आशीर्वाद घेऊन घरी येतात; हिंदू घरांत चवथीच्या दिवसांत नव्याची पूजा होते. निसर्गाच्या टेबलावर दोन्हीकडची कणसं एकाच तांब्यात उभी होती. मुलांनी दाणे सोलले, टरफल फुंकरीनं उडवलं, आतला तांदूळ पाहून दोघींनी भातुकलीत पेज शिजवायला घेतली. कुठल्या घरचं कणीस कुठलं ते कुणाला सांगता येत नव्हतं, आणि विचारलंही कुणी नाही.

थोडं व्यवहाराचं. गोव्याच्या पावसात पुठ्ठा टिकत नाही. जून ते सप्टेंबर त्यावर बुरशी येते, आणि ती मुलांच्या छातीला त्रास देते. म्हणून पुठ्ठ्याची घरं, पुठ्ठ्याची दुकानं मी पावसाळ्यात करत नाही. लाकूड, करवंटी, कापड, बांबू. पुस्तकं ऊन पडेल तेव्हा बाहेर. विषय संपला की त्याचं सामान पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात जातं, आणि डब्यात मुलांनी काय केलं त्याच्या टिपणांची माझी वहीही. टिपण म्हणजे तारीख, मुलाचं नाव, काय केलं, काय बोललं. मत नाही. ‘हुशार’, ‘चंचल’ असले शब्द मी त्या वहीत लिहीत नाही, कारण वर्षअखेरीस पालकांसमोर बसते तेव्हा मुलानं काय केलं तेच कामाला येतं.

विषय कधी थांबवायचा हेही त्या वहीतूनच कळतं. नव्या नोंदी कमी होतात, तोच खेळ तसाच खेळला जातो, ठोकळ्यांच्या फेरीवर कुणी चढत नाही. तेव्हा थांबायचं, ठरवलेले आठवडे उरले असले तरी. आणि मुलं अजून रंगलेली असतील तर कॅलेंडरवर पुढचा विषय लिहिलेला असला तरी तो खोडायचा. फेरी चवथीपर्यंत चालली ती अशीच.

सध्या वहीत पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याच्या, नोंदी वाढल्या आहेत. सकाळी सायकलचा भोंगा ऐकला की खिडकीशी गर्दी होते, आणि भातुकलीत कागदाचे गोळे टोपलीत भरून कुणीतरी वर्गभर पाव विकत फिरतं. पाव, उंडे, पोयी आणि काकणां यांचे आकार वेगळे आहेत हे त्यांना माहीत आहे, म्हणून सुरुवात मातीनं करणार आहे. बेकरी चालवणाऱ्या एका घरानं फुगलेलं पीठ पाठवायचं कबूल केलं आहे. भोंगा मिळाला आहे, तो पहिल्या आठवड्यात बाहेर काढणार नाही.